रुंदीचं दुखणं लांबीने भागत नाही : धावण्याचे बूट कसे निवडायचे

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन संपवून घरी आले, मोजे काढले, तर उजव्या पायाचा अंगठा जांभळा. दुसऱ्या दिवशी नख काळं पडलं, पंधरा दिवसांनी सुटायला लागलं, आणि तिथे पुरतं नवं नख यायला वर्ष गेलं. त्या शर्यतीत यवतेश्वरचा घाट आधी चढायचा आणि मग तोच उतरायचा असतो. चढताना काही जाणवलं नाही. उतरताना मात्र दर पावलाला पाय बुटात पुढे सरकत होता आणि अंगठा समोरच्या भिंतीवर आपटत होता. किलोमीटरला दोन्ही पायांची मिळून हजार पावलं धरली, तरी दहा किलोमीटरच्या उतारात त्या एका अंगठ्याने पाच हजार ठोसे खाल्ले.

यातली गंमत अशी, की बूट लहान नव्हता, चांगला एक नंबर मोठा होता. माझ्या मापाचा बूट करंगळीपाशी चावायचा, म्हणून मीच मोठा मागून घेतला होता. करंगळी सुटली, पण टाच मागे सैल झाली, आणि सैल टाचेचा पाय उतारावर पुढे घसरणारच. पाय रुंद होता आणि मी बूट लांब घेतला. नंतर आमच्या टेकडीवरच्या ग्रुपमध्ये विचारलं, तर निम्म्या लोकांनी हेच केलेलं. म्हणून या लेखात रंग, कंपनी, 'टेक्नॉलॉजी' हे सगळं नंतर. आधी पाय.

घरी, संध्याकाळी, भिंतीला टाच लावून

दुकानात जायच्या आधी पाय घरी मोजा. सकाळी नको. दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि धावतानाही सुजतो, म्हणून संध्याकाळचं माप खरं. धावताना जे मोजे घालता तेच घाला. फरशीवर कोरा कागद भिंतीला चिकटवून ठेवा, टाच भिंतीला टेकवा आणि उभे राहा. बसून घेतलेलं माप खोटं निघतं, कारण अंगाचा भार आला की पाऊल लांबतं आणि पसरतं. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून खुणा करायला सांगा. स्वतः वाकून केल्या तर भार सरकतो आणि पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे होतात.

तीन खुणा पुरतात. सगळ्यात लांब बोटाचं टोक (ते अंगठाच असेल असं नाही, कित्येकांचं शेजारचं बोट लांब असतं), चवड्याची आतली कड म्हणजे अंगठ्याच्या बुडाशी जिथे हाड वर येतं ती जागा, आणि बाहेरची कड, करंगळीच्या बुडाशी. पहिल्या खुणेपासून भिंतीपर्यंत लांबी, उरलेल्या दोन खुणांमधली रुंदी. दोन्ही पाय मोजा. माझा डावा २४.३ सेंटिमीटर, उजवा २४.६. काळं झालं ते उजव्याचंच नख! बूट नेहमी मोठ्या पायाला घ्यायचा.

आता हा आकडा नंबरात बदलताना लोक फसतात. आपल्याकडे दुकानात यूके नंबर बोलतात, ऑनलाइन पानांवर कधी यूएस असतो, कधी युरोपचा. त्यात प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. यूके ८ नंबरचा नायकेचा पुरुषांचा बूट २७ सेंटिमीटरचा, आदिदासचा यूके ८ मात्र २६.५ चा. म्हणजे "मी आठ नंबर घालतो" या वाक्याला काही अर्थ नाही. बुटाच्या जिभेच्या, म्हणजे नाड्यांखालच्या पट्टीच्या, आत शिवलेली चिठ्ठी बघा. तिथे सीएम किंवा जेपी (जपानी माप) अशा अक्षरांपुढे सेंटिमीटरमधला आकडा असतो. त्या आकड्यावर चाला. हा आकडा पायाच्या मापाचा असतो. धावण्यासाठी आपल्या मोठ्या पायाहून पाच ते दहा मिलिमीटर जास्तीचा आकडा बघायचा. माझ्या २४.६ ला २५ जेमतेम, २५.५ निवांत.

रुंदी : जी कुणी विचारत नाही

लांबी सगळे विचारतात. रुंदी आजवर मला एकाही दुकानात कुणी विचारलेली नाही.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर फिरून एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. निष्कर्ष आपल्या आज्यांना आधीच ठाऊक होता : आपले पाय युरोप-अमेरिकेच्या मापांपेक्षा रुंद आहेत. त्यावरून 'भ' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली, भारतातला 'भ'. ती दुकानाच्या फळीवर येईल तेव्हा येईल. तोवर परदेशी साच्यात आपला पाय बसवायचा आहे.

बुटाच्या रुंदीला अक्षरं असतात. पुरुषांच्या बुटात डी म्हणजे नेहमीची रुंदी, २ई म्हणजे रुंद, ४ई म्हणजे फार रुंद. बायकांच्या बुटात नेहमीची रुंदी बी, आणि डी म्हणजे रुंद. खोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर तो नेहमीच्या रुंदीचा समजा. असिक्स, न्यू बॅलन्स, ब्रुक्स या कंपन्या काही मॉडेलं रुंद साच्यात काढतात, पण दुकानात ती मांडलेली नसतात. "यात टू-ई आहे का?" असं विचारावं लागतं. विक्रेता गोंधळून बघेल. तरी विचारा, बऱ्याचदा गोदामात असतो.

बायकांसाठी एक युक्ती, जी मला काळं नख झाल्यावर कळली : पुरुषांचा बूट घालून बघा. बायकांचा नेहमीचा साचा बी, पुरुषांचा डी, त्यामुळे सेंटिमीटरचा आकडा तोच ठेवला की पुढे आपोआप जागा मिळते. मी मागितला तेव्हा दुकानातला पोरगा म्हणाला, "मॅडम, तो जेन्ट्स आहे." म्हटलं, "माझ्या करंगळीला सांग." हसला बिचारा, पण घेऊन आला. एकच बघायचं : पुरुषांच्या साच्यात टाचही जरा रुंद असते. ज्यांची टाच बारीक आहे त्यांनी पुढे सांगितलेली नाडीची गाठ शिकून घ्यावी.

पाय रुंद आहे की नाही, हे आकड्यांत न पडताही कळतं. बुटातली गादी, म्हणजे आतला सुटा तळ, बाहेर काढा. जमिनीवर ठेवून तिच्यावर उभे राहा. चवडा दोन्ही बाजूंनी गादीबाहेर ओसंडत असेल, तर तो बूट तुमचा नाही. मग तो कितीही मऊ लागो आणि त्यावर कितीही सूट असो. दुकानात ही एवढी एक चाचणी केलीत, तरी अर्धं काम झालं.

जुना जोडा उलटा करा

घरात जुने बूट असतील तर फेकू नका, ते तुमची चाल सांगतात. तळ बघा. टाचेची बाहेरची कड झिजलेली दिसली की लोक घाबरतात. बहुतेकांची तिथेच झिजते, कारण पाय आधी तिथे टेकतो आणि मग आत वळतो. त्यात बिघाड काही नाही. एका पायाचा तळ दुसऱ्याहून फार वेगळा झिजला असेल तर मात्र लक्ष द्या. आत हात घालून बघा : अंगठ्यापाशी कापडाला भोक पडलंय का, टाचेचं अस्तर फाटलंय का. अस्तर फाटलं म्हणजे टाच वरखाली होत होती, बूट सैल होता. करंगळीच्या बाजूने कापड ताणून फुगलंय म्हणजे अरुंद होता. हाच जोडा पिशवीत घालून दुकानात न्या.

सपाट तळवा आणि ते मशीन

ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटवून 'तुमचा तळवा सपाट आहे, तुम्हाला आधाराचाच बूट हवा' असं सांगायची पद्धत जुनी आहे. सपाट तळव्याचा पाय धावताना जास्त आत वळतो असं मानतात, आणि आधाराचा बूट म्हणजे ते वळणं रोखायला आतल्या बाजूने कडक केलेला. हल्ली त्याच्या जागी रंगीत चित्र दाखवणारं मशीन आलंय. त्यावर उभं राहायला मजा येते. पण ठशावरून बुटाची जात ठरवण्याला फारसा आधार नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी नव्याने धावू लागलेल्या ९२७ लोकांना, पाय कसाही वळत असो, सरसकट एकाच प्रकारचे साधे बूट दिले आणि वर्षभर त्यांच्या दुखापती मोजल्या. आत वळणाऱ्या पायांना जास्त दुखापती झाल्या असं काही दिसलं नाही. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, आणि तरी ठशाची पद्धत चालूच आहे.

माझं मत : कुठलंही दुखणं नसेल तर साधा, म्हणजे न्यूट्रल बूट घ्या. आधीच आधाराचा बूट वापरता आणि काही दुखत नाही, तर उगाच बदलू नका. आणि टाच, नडगी किंवा गुडघा महिनोन् महिने दुखत असेल, तर तो प्रश्न दुकानदाराचा नाही, फिजिओथेरपिस्टचा आहे.

बुटाच्या पोटात

वरचं कापड, खालचं रबर आणि मधला फोम, एवढे तीन भाग ओळखता आले तरी पुरे. पैसे मुख्यतः फोमचे असतात. ईव्हीए हा जुना, भरवशाचा, स्वस्त फोम. पीबा नावाचा नवा फोम हलका आणि उसळता, पण महाग.

'ड्रॉप' हा शब्द मात्र समजून घ्या. टाचेखालची उंची वजा चवड्याखालची उंची, मिलिमीटरमध्ये. रोजच्या बहुतेक बुटांत ८ ते १०, काहींत ४, काहींत शून्य. ड्रॉप कमी झाला की पोटरी आणि घोट्यामागच्या शिरेवर ताण वाढतो, जास्त असला की गुडघ्याकडे भार जातो. चांगलं-वाईट असं त्यात काही नाही, फक्त उडी मारू नका. दहाची सवय असलेल्याने एका रविवारी शून्याचा बूट घालून पंधरा किलोमीटर काढले, तर सोमवारी जिना उलटा उतरावा लागतो. आमच्यातल्या एकाने हे केलंय.

तळाची जाडी हल्ली वाढत चालली आहे. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने ४० मिलिमीटरची मर्यादा घातली, ती त्यामुळेच. जाड बूट मऊ लागतो, पण खड्ड्याच्या काठावर घोटा मुरगळायची भीतीही त्यात जास्त. टेकडीवर, खडीवर, पेव्हर ब्लॉकच्या फुटपाथवर धावणाऱ्याने बेताची जाडी आणि रुंद तळ बघावा.

कार्बन प्लेटच्या, म्हणजे तळाच्या फोममध्ये कार्बनची कडक पट्टी घातलेल्या बुटांबद्दल प्रत्येक नवा माणूस विचारतो. ते शर्यतीच्या दिवसाचे बूट आहेत, वेगाने धावणाऱ्यांचे. किलोमीटरला आठ मिनिटं लागत असतील तर तेवढ्या पैशात दोन चांगले साधे जोडे येतात, आणि ते दुप्पट टिकतात.

अनवाणी धावणाऱ्यांचं उदाहरण घरातलं कुणीतरी देतंच. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला, आणि २०१४ साली बारामतीत ज्येष्ठांच्या शर्यतीत लता करे नऊवारीत, अनवाणी धावून पहिल्या आल्या. दोन्ही खरं. पण ते तळवे कष्टाने मुरलेले होते. फरशीवर घरातल्या घरातही सपाता घालणाऱ्या आपण ते एका महिन्यात करायला जाऊ नये. आणि १९६४ ला तोकियोत बिकिला पुन्हा जिंकला तेव्हा त्याच्या पायात बूट होते, हे उदाहरण देणारे काका सांगत नाहीत.

दुकानात

संध्याकाळी जा, मोजे बरोबर न्या, घाई नको. दोन्ही बूट घाला, नाड्या पूर्ण बांधा आणि उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बोटं वरखाली वाजवता आली पाहिजेत, पेटीवर वाजवतो तशी. चवड्याच्या बाजूचं कापड चिमटीत धरून बघा : जरासं धरता आलं तर ठीक, ताठ ताणलेलं असेल तर अरुंद, मोठी चुणी पडली तर रुंद. टाच मात्र घट्ट हवी. टाचेमागचा कडक भाग अंगठ्याने दाबून बघा, तो लगेच चेपला जाऊ नये. बूट दोन्ही टोकांना धरून वाकवा. तो चवड्याशी वाकला पाहिजे, जिथे आपला पाय वाकतो. मधोमध घडी पडत असेल तर परत ठेवा.

मग धावा. गालिच्यावर चार पावलं टाकून काही कळत नाही, गालिच्यावर सगळेच बूट छान असतात. बाहेर फरशीवर, पार्किंगमध्ये धावू देतात का विचारा. दुकानाला जिना असेल तर दोन-तीनदा उतरा, आणि उतरताना अंगठा पुढे लागतोय का एवढंच बघा. माझं नख तेव्हा जिन्यावरच वाचलं असतं.

"चार दिवसांत सैल होईल" असं कुणी म्हटलं तर बूट उतरवा. कोल्हापुरी सैल होते, कारण ती कातड्याची. धावण्याचा बूट पहिल्या मिनिटाला चावला तर बाराव्या किलोमीटरला फोड आणणार. दोन-तीन जोड्यांत ठरत नसेल तर एका पायात एक, दुसऱ्यात दुसरा घाला आणि धावा. ज्या पायाचं भान राहत नाही, तो बूट घ्या.

आता ती गाठ. बुटात घोट्यापाशी, सरळ रांगेच्या जरा मागे, एक जास्तीचं भोक असतं, जे बहुतेक जण रिकामं सोडतात. नाडीचं टोक त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका, छोटी कडी राहू द्या. दोन्ही बाजूंना अशी कडी झाली, की डावं टोक उजव्या कडीतून आणि उजवं डाव्या कडीतून घाला. टाच मागे आपटून नीट बसवा, टोकं खाली ओढा, मग नेहमीची गाठ. टाच जागच्या जागी धरली जाते आणि चवड्यावरची नाडी सैल ठेवता येते. याच गाठीने मी पुढच्या वर्षी तोच घाट उतरले.

पैशांचं

आठवड्याला दहा-पंधरा किलोमीटर धावणाऱ्याला तीन-चार हजारांत चालणारा बूट मिळतो, डेकॅथलॉनसारख्या ठिकाणी तर नक्कीच. हाफ मॅरेथॉनची तयारी करायची असेल तर सात ते दहा हजार धरा. स्वस्तात चांगला मिळवायचा मार्ग म्हणजे गेल्या वर्षीचं मॉडेल. नवी आवृत्ती आली की जुनी तीस-चाळीस टक्के उतरते, आणि फरक बऱ्याचदा रंगाचाच असतो. 'फर्स्ट कॉपी' मात्र नको. वरून हुबेहूब दिसतो, पण आतला फोम कसला आहे ते कुणालाच माहीत नसतं. ऑनलाइन घेतलात तर दोन दिवस घरातच, स्वच्छ फरशीवर घाला. तळ मळला की बदलून मिळत नाही.

आणल्यावर

नवा जोडा शर्यतीच्या दिवशी काढू नये, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला दरवर्षी चकाकणारे बूट दिसतात. आधी तीन-चार किलोमीटर, मग जुन्याशी आलटूनपालटून. दोन वेगळे जोडे फिरते ठेवणं परवडत असेल तर ठेवाच. लक्झेंबर्गमधल्या एका अभ्यासात एकापेक्षा जास्त जोडे वापरणाऱ्यांना दुखापती कमी झालेल्या दिसल्या. शिवाय आपल्याकडे जून ते सप्टेंबर एक जोडा वाळत असतोच.

ओला बूट उन्हात किंवा हीटरपाशी ठेवू नका, गोंद सुटतो आणि फोम कडक होतो. गादी बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पंख्याखाली ठेवा. तासाभराने बोळे बदला, ते पाणी ओढून लगदा झालेले असतात. रविवारची पुरवणी याला उत्तम, कागद भरपूर. चिखल वाळू द्या आणि जुन्या टूथब्रशने झाडा. वॉशिंग मशीन नको.

जिभेच्या आत बॉलपेनने खरेदीचा महिना लिहून ठेवा. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर फोम थकतो, वजनदार माणसाचा लवकर. वरचं कापड तोवर नव्यासारखं असतं, म्हणून कळत नाही. बूट टेबलावर ठेवून मागून डोळ्यांच्या रेषेत बघा : एका बाजूला कलला असेल, फोमवर बारीक आडव्या सुरकुत्या पडल्या असतील, किंवा काही कारण नसताना नडग्या दुखायला लागल्या असतील, तर त्याचं धावणं संपलं. चालायला, भाजीला, गच्चीवर तो अजून वर्षभर चालतो. तेही झालं की नवी मुंबईतली ग्रीनसोल ही संस्था टाकलेल्या बुटांपासून शाळकरी मुलांसाठी चपला करते, तिकडे द्या. देण्याआधी नाड्या काढून घ्या, त्या नेहमी लागतात.